अंगठ्याखालची खूण

३ ऑगस्ट

चि. खोडरबर हिस,

नेहमीचे आशीर्वाद, आणि आज वर एक जास्तीचा.

तुझा मेसेज शिक्षकांच्या खोलीत वाचला. एकही पूर्णविराम नाही आणि उद्गारचिन्हं सात. अर्थ लागायला मला जरा वेळ लागला. लागला तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसलो. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?"

म्हटलं, "आमचं पुस्तक शेवटच्या पाचांत आलंय. मुलांच्या चित्रचरित्रांच्या पुरस्कारासाठी."

"अय्या! कोणाचं चरित्र? राजाचं?"

"नाही. ग्रंथालयाच्या तळघरात अडतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बांधणीबाईंचं. मी लिहिलंय, भाचीने चित्रं काढलीत."

"त्यांनी केलं काय पण?"

"फाटकी पुस्तकं शिवली," मी म्हणालो. बाई विचारात पडल्या. पडू देत. आपण दोघं दोन वर्षं त्याच विचारात पडलो होतो.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण आनंद झाला की माझा घसा बसतो. अठ्ठावीस वर्षं पोरांना विभक्त्या शिकवतोय. आजवर मिळालेला एकमेव सन्मान म्हणजे शेवटच्या बाकावर कोरलेलं माझं चित्र. नाक सोडलं तर यथातथ्य आहे.

आता कामाचं. नियमावली पुन्हा वाचली. कलम चार माझं लाडकं: पुस्तक मुलांसाठी आहे म्हणून थापा चालणार नाहीत, वाक्य असो वा चित्र, प्रत्येकाला पुरावा हवा. आपल्या बत्तीस पानांना माझ्या एक्केचाळीस टिपा आहेत. तेव्हा त्या बाजूने निश्चिंत राहा. निवड झाली तर पुस्तक प्रत्येक बालग्रंथालयात जाईल. नाही झाली, तर प्रकाशकाने सांगितलंच आहे की दुसरी आवृत्ती नाही. म्हणजे बांधणीबाई पुन्हा तळघरात.

ताईला सांगितलंस का? "बरं झालं" म्हणेल आणि कपडे वाळत घालायला जाईल. तरी सांग.

तुझा,
मामा

*

११ ऑगस्ट

मामा,

आईला सांगितलं. "बरं झालं" म्हणाली. कपडे नव्हते, भांडी होती.

पण तू निश्चिंत राहू नकोस. शेवटच्या फेरीत बारा मुलांचं परीक्षक मंडळ असतं. प्रत्येक पुस्तकाला मुलांकडून एक प्रश्न येतो, आणि त्याचं लेखी उत्तर १५ सप्टेंबरच्या आत द्यावं लागतं. आपला प्रश्न आलाय. जसाच्या तसा उतरवते:

"प्रिय लेखक आणि चित्रकार, तुमच्या पुस्तकाचा प्रश्न चिठ्ठीत माझ्या वाट्याला आला. मी साडेदहा वर्षांची आहे. पान ५, १२, १९ आणि २८ वर बांधणीबाईंच्या उजव्या अंगठ्याखाली चंद्रकोरीसारखी खूण आहे. गोष्टीत ती कुठेच नाही. मागच्या टिपा मी तीनदा वाचल्या, त्यांतही नाही. ती खूण खरी आहे का? कशाने झाली? माझ्या ढोपरावर सायकलची खूण आहे आणि तिची गोष्ट मी कोणालाही सांगते. म्हणून मला वाटतं, खूण असेल तर गोष्ट असणार."

मामा, आपण अडकलो. कारण ती खूण बांधणीबाईंची नाही. आईची आहे.

तुला माहीतच आहे, बाईंचा एकच फोटो सापडला. ग्रंथालयाच्या समूहात त्या उंच ग्रंथपालाच्या मागे उभ्या आहेत. अर्धा चेहरा दिसतो आणि हात तर नाहीतच. आणि सगळं पुस्तक तर हातांचं! सुई ओवणारे, खळ लावणारे, पान दाबून धरणारे. मग मी तीन रविवार आईला खिडकीशी बसवून जुन्या वह्या शिवायला लावल्या. "प्रकाश बघतेय" म्हटलं. ती बिचारी शिवत राहिली आणि मी तिचे हात काढत राहिले. खूणही उतरली. लहानपणापासून बघतेय ना, मला ती वेगळी दिसलीच नाही.

काय उत्तर देऊ? आईला विचारलं खूण कशाची. म्हणाली, दुधाच्या पातेल्याची.

आणि एक सांग. तू सहा वेळा चित्रं तपासलीस. तळघराला पायऱ्या चौदा आणि मी तेरा काढल्या म्हणून अख्खं पान पुन्हा करायला लावलंस. मग चार पानांवरची खूण तुला दिसली कशी नाही?

तुझी,
खोडरबर

*

१६ ऑगस्ट

चि. खोडरबर,

शांत हो. अंगठ्याएवढ्या खुणेने आभाळ कोसळत नाही.

तर्कशास्त्रात अभावालाही पुरावा लागतो. बांधणीबाईंच्या अंगठ्यावर खूण होती याचा पुरावा आपल्याकडे नाही, मान्य. पण नव्हती याचा तरी कुठे आहे? अडतीस वर्षं सुई, कातर आणि गरम खळ हाताळणाऱ्या बाईच्या हातावर एकही खूण नसणं हेच जास्त अविश्वसनीय. उत्तरात एवढं लिही: "बांधणीचं काम करणाऱ्यांच्या हातांवर अशा खुणा सामान्यतः आढळतात." वाक्य खरं आहे. कोणी बोट ठेवू शकणार नाही.

ताईच्या खुणेचं म्हणशील, तर ती पातेलं म्हणते म्हणजे पातेलंच. आमच्या घरची पातेली फार तापायची. जाड बुडाची पातेली, एकदा तापली की तापली. त्यात खोदून पाहण्यासारखं काही नाही.

मला खूण दिसली नाही त्याचं कारण वय. चष्म्याचा नंबर वाढलाय. शनिवारी दाखवून येतो.

मामा

*

२० ऑगस्ट

मामा,

तुझ्या पत्रात पातेलं चार वेळा आलंय. एरवी एक शब्द दोनदा आला तर तू माझ्या वाक्याखाली लाल रेघ ओढतोस.

काल आईला पुन्हा विचारलं, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. या वेळी म्हणाली, इस्त्रीने भाजलं. मी म्हटलं, "अगं, परवा दूध होतं." तर म्हणते, "दोन्ही असेल. तू देठं काढ." आईला खोटं जमत नाही, तपशील हलतो. तुला जमतं, पण मग तू तर्कशास्त्र आणतोस.

"सामान्यतः आढळतात" असलं काही मी लिहिणार नाही. त्या मुलीने टिपा तीनदा वाचल्यात रे! माझ्या पुस्तकाच्या टिपा तीनदा वाचणारं माणूस मला पुन्हा कधी भेटणार? मी खरं सांगणार आहे की हात माझ्या आईचे आहेत. पुरस्कार गेला तर गेला. बांधणीबाईंसाठी वाईट वाटेल, पण त्यांच्या नावावर दुसऱ्याची खूण चिकटवून त्यांना वर आणणं बरं नव्हे. हरवलेल्या पानाच्या जागी त्या काय करायच्या, तूच लिहिलंयस पान २२ वर. त्याच मापाचा कोरा कागद शिवायच्या आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायच्या, "इथे एक पान होतं." मनाने काहीतरी लिहून वेळ मारून नाही नेली कधी.

पण ती मुलगी दुसराही प्रश्न विचारते आहे, कशाने झाली? त्याचं उत्तर मला माहीत नाही. तुला आहे.

वाट बघतेय.

खोडरबर

*

२९ ऑगस्ट

चि. खोडरबर,

नऊ दिवस लावले. चष्म्याचा नंबर तोच आहे, तुझ्या माहितीसाठी.

मी नऊ वर्षांचा होतो, ताई पंधराची. आमची आई अंथरुणाला खिळली होती आणि ताईची शाळा आदल्या वर्षी सुटली होती. घंटा झाल्यावर सुटते तशी नव्हे. घरचं सगळं तिच्यावर होतं आणि माझ्यावर एकच काम: संस्कृतचा पहिला धडा पाठ करणं. ते मला येत नव्हतं. त्या दिवशी गुरुजींनी मला बाकावर उभं केलं, सगळा वर्ग हसला. दुपारी घरी आलो, दप्तरातून व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि पेटत्या शेगडीत टाकलं.

ताईने हात घातला. चिमटा शेजारीच होता, पण तिचं लक्ष चिमट्याकडे गेलंच नाही. पुस्तक बाहेर आलं, पुढची पानं गेली होती. शेगडीच्या कडेचा गोल तिच्या अंगठ्याखाली उमटला.

बाबा आले. ताई म्हणाली, दूध उतरवताना चटका बसला. पुस्तकाचं विचारल्यावर म्हणाली, मीच शेगडीजवळ ठेवलं होतं, निखारा उडाला. बोलणीही तिनेच खाल्ली. मी दाराआड उभा होतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला नवी प्रत आणून दिली. जळकीचं काय झालं, मी विचारलं नाही.

त्या नव्या प्रतीतून मी शिकलो, आणि लाजेने म्हण की भीतीने, चांगला शिकलो. पुढच्या खोलीत मोठ्याने पाठ म्हणायचो आणि अडलो की पुढचा शब्द स्वयंपाकघरातून यायचा. माझं ऐकून ऐकून तिला पाठ झालं असावं, असं मी धरून चाललो. मी पदवी घेतली, नोकरीला लागलो, लोक सर म्हणू लागले. हे सगळं त्या शेगडीतून बाहेर आलंय. पंचेचाळीस वर्षांत मी तिला एकदाही त्याबद्दल काही बोललो नाही. पहिली दहा वर्षं धीर झाला नाही, आणि नंतर फार उशीर झाला असं वाटत राहिलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खूण मला पहिल्याच तपासणीत दिसली. पान ५, खालचा डावा कोपरा. मी ओळखली आणि काही बोललो नाही. मला वाटलं, राहू दे. हजार मुलं हे पुस्तक हातात घेतील, त्या हाताकडे प्रेमाने बघतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. आभार मानण्याची याहून भित्री पद्धत कोणाला सुचली नसेल.

म्हणजे चूक तुझी नाही. तू नकळत काढलीस, मी जाणूनबुजून राहू दिली. कलम चार मी मोडलंय. उत्तरात तसंच लिही, आणि खाली माझी सही घे. फक्त आधी ताईला विचार. गोष्ट तिची आहे.

मामा

*

४ सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. खिडकीबाहेर बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एवढं लांबलचक लिहिलंय त्याने?" मग म्हणाली: "लिही तुला काय लिहायचं ते. मुलांपासून काय लपवायचं! पण स्वयंपाकघर पसरलेलं होतं असं नको लिहूस, मी पसारा ठेवत नसे." आणि मग जराशी हसून म्हणाली, "पोपटाला अर्धीच गोष्ट माहीत आहे." आणि कणीक मळायला उठली.

पोपट? चोपन्न वर्षांच्या सरांना? हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

उत्तर असं लिहिलंय, बघ:

"प्रिय परीक्षक, खूण खरी आहे, पण बांधणीबाईंची नाही. त्यांच्या हातांचा फोटो आम्हाला मिळाला नाही, म्हणून मी माझ्या आईचे हात काढले आणि ते टिपेत सांगायला विसरले. लेखक माझे मामा आहेत. त्यांनी खूण ओळखली होती, तरी ते गप्प राहिले. लहानपणी त्यांनी रागाने शेगडीत टाकलेलं पुस्तक माझ्या आईने हात घालून बाहेर काढलं, त्याची ती खूण आहे. स्वयंपाकघर अगदी नीटनेटकं होतं. नियमाप्रमाणे आमचं पुस्तक स्पर्धेतून काढावं लागलं तर आम्ही समजू शकतो. तुम्ही टिपा तीनदा वाचल्यात, त्याबद्दल आम्ही दोघं तुमचे मनापासून ऋणी आहोत."

माझी सही केली आहे. तुझी करून पाठव.

खोडरबर

*

६ ऑक्टोबर

प्रिय लेखक आणि चित्रकार,

निकालाचं पत्र तुम्हाला कार्यालयाकडून येईलच. पण प्रश्न माझा होता म्हणून मला वेगळं लिहायची परवानगी मिळाली.

पहिला पुरस्कार पृथ्वीचे गोल बनवणाऱ्या आजोबांच्या पुस्तकाला मिळाला. तेही छान आहे. तुमच्या पुस्तकावर आमचं खूप भांडण झालं. चौघं म्हणाले, हात खोटे आहेत, काढून टाका. मी म्हटलं, हात खरेच आहेत, फक्त दुसऱ्यांचे आहेत. मग एक जण म्हणाला, आपण कशाला भांडतोय, बांधणीबाईंनी काय केलं असतं? त्यांनी पान शिवलं असतं! मग भांडण संपलं, कारण ते बरोबर होतं.

म्हणून आम्ही बाराजणांनी तुम्हाला मुलांचा विशेष सन्मान दिला आहे. एक अट आहे. नव्या आवृत्तीत शेवटी एक पान वाढवायचं आणि हात कोणाचे ते सांगायचं. मोठ्या परीक्षकांनी मान्य केलं. आता पुस्तक सगळ्या बालग्रंथालयांत जाणार.

समारंभाला हातवाल्या आजींना नक्की आणा. मला खूण बघायची आहे. मी माझं ढोपर दाखवीन.

*

९ ऑक्टोबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पोपट बोलतो आहे. नेहमीसारखं पाठ केलेलं नाही, म्हणून अडखळेन. सांभाळून घे.

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी जोडायचं पान सोबत आहे. काल दिवसभर लिहीत होतो. आठ ओळींना आठ तास लागले. वर्गातल्या पोरांनी एवढा वेळ लावला असता तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. नाही, नसतं केलं. मी आजवर कोणालाच बाकावर उभं केलेलं नाही, हे तुला म्हणून सांगतो.

"या पुस्तकातले हात बांधणीबाईंचे नाहीत. त्यांचे हात कसे होते, हे आता कोणालाच माहीत नाही. हे हात चित्रकाराच्या आईचे, म्हणजे लेखकाच्या ताईचे आहेत. अंगठ्याखालची खूण एक पुस्तक आगीतून काढताना झाली. पुस्तक लेखकाने टाकलं होतं. ताईने ते त्याच्यासाठी बाहेर काढलं. त्यामुळे तो शिकला. हे सांगायला त्याला पंचेचाळीस वर्षं लागली."

तुझ्या संमतीशिवाय छापखान्यात जाणार नाही. काही चुकलं असेल तर सांग.

ताई, जे काही थोडंफार झालो ते तुझ्यामुळे. यापुढचं मला लिहिता येत नाही.

तुझा,
पोपट

*

१४ ऑक्टोबर

चि. पोपटास,

पान वाचलं. अक्षर अजून चांगलं आहे. चूक एक आहे, ती दुरुस्त कर. "ताईने ते त्याच्यासाठी बाहेर काढलं" ही ओळ खोटी आहे. तुमचं ते कलम चार की काय, त्यात बसणार नाही.

तुझ्यासाठी नव्हतं रे काढलं. तुला बाबा नवं आणून देणार हे मला तेव्हाच माहीत होतं. मला ते स्वतःला हवं होतं. तू दप्तर टाकून खेळायला गेलास की मी रोज चोरून उघडत असे, आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत तू ते जाळायला निघालास! चिमटा कोण शोधतंय? रागाने हात घातला मी. तुझ्या पाठीत एक धपाटाही घालणार होते, पण हात भाजला होता.

मग बाबा म्हणाले, हे जळकं फेकून दे. मी नाही फेकलं. पिठाच्या डब्यामागे ठेवलं. आता ते कोणाचंच नव्हतं, म्हणून माझं झालं. तू ते शेगडीत टाकलं नसतंस तर ते तुझंच राहिलं असतं. तेव्हा आभारच मानायचे तर मीही मानायला हवेत. पुढच्या खोलीत तू अडलास की मी शब्द सांगत असे तो ऐकून पाठ झालेला नव्हता. कणीक मळताना पुस्तक समोर उघडं असायचं. त्यावर पिठाची बोटं अजून आहेत, पुरावा म्हणून बघून जा.

मला कशाचं वाईट वाटत नाही. तू शिकलास ते चांगलं झालं, आणि मीही माझ्यापुरतं शिकले. कोणी परीक्षा घेतली नाही, हे तर फारच चांगलं झालं. पोरीने माझे हात काढले, ते मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. प्रकाश बघायला कोणी तीन तास लावतं का? पण तिला बरं वाटत होतं आणि मलाही. माझ्या हातांकडे इतका वेळ कधी कोणी बघितलं नव्हतं. म्हणून बसून राहिले.

समारंभाला येईन. त्या मुलीला सांग, ढोपर धुऊन आण म्हणावं.

एक काम मात्र कर. माझ्या पुस्तकाची पहिली बारा पानं तेव्हाच जळून गेली. तेरापासून पुढचं मला सगळं येतं, सुरुवात कशी होते ते मात्र कधी कळलं नाही. तुला विचारलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. बांधणीबाईंचं वाचून मी परवा तिथे बारा कोरी पानं शिवून टाकली आहेत. येताना चांगलं पेन घेऊन ये. तुझ्या अक्षरात ती भरून दे.

ताई